पाणी कधी येतं

जोडबसवण्णा चौकाच्या मागच्या आमच्या चाळीत
नव्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला.
दैवतानंही तोच विचारला.
ट्रंक अजून उंबऱ्याबाहेर होती,
पोरगं कडेवर झोपलेलं.
पाणी कधी येतं ओ इथं?

मी गणवेशाच्या कॉलरी उलटत होते,
डझनावर पैसे. मान वर केली नाही.
म्हटलं, आल्यावर येतं.

शैलम्मा हसली. चिंटूची आई हसली.
पायरीवर बसलेले मडिवाळप्पा,
ज्यांना ऐकूच येत नाही,
तेही हसले.

खरं उत्तर एवढंसं होतं:
चार दिवसांआड, पहाटे तीनला, कधी साडेतीन,
आधी नळ सू सू करतो,
पहिलं तांबडं येतं, ते भरायचं नाही.
सुईत दोरा ओवेपर्यंत सांगून झालं असतं.

त्या पहाटे सगळ्यांची पिंपं भरली.
दैवता झोपून राहिली, प्रवासाचा शीण.
सकाळी कोरडी कळशी घेऊन दारात उभी राहिली
तेव्हा शैलम्मा म्हणाली, कान नाहीत व्हय तुला?
आणि चिंटूची आई:
आम्हाला कुणी सांगितलं होतं ग?
शिकलोच की आम्ही.

हे वाक्य मी ओळखते.
सतरा वर्षांपूर्वी, मी मंगळवेढ्याहून नवी आले,
तेव्हा चौथ्या खोलीतल्या अंबूबाईंनी
तेच माझ्यापुढं टाकलं होतं, शिळ्या भाकरीसारखं.
मग मी तीन रात्री नळापाशी बसून काढल्या.
पदराला गंजाचा वास लागला.
त्या रात्रींचा मला अभिमान आहे,
खोटं कशाला बोलू.
दुसरी कुणी त्या रात्रींवाचून पाण्यापर्यंत पोचली
तर माझ्या जागरणाचं काय,
असं काहीतरी.

दैवता शिकली.
चावीवाल्याच्या सायकलच्या कुरकुरीवरून,
मडिवाळप्पांच्या खोकल्यावरून.
दिवाळीपर्यंत तिची घागर रांगेत तिसरी.
शेंगाचटणी कुटायला आम्ही तिला हाक मारायला लागलो.

गड्ड्याची गर्दी ओसरली त्या आठवड्यात
सातव्या खोलीत मल्लव्वा आली, इंडीची.
मराठी निम्मी, बाकी हातवारे.
तिनं विचारलं, नीर यावाग बर्तद?
मग आठवून आठवून, पाणी, कधी?

मी तोंड उघडायच्या आत
दैवता म्हणाली, आल्यावर येतं.

तोच 'आ', तेवढाच लांबवलेला.
मान तशीच खाली.
तिच्या हातात कॉलर नव्हती, मेथी होती.
बाकी सगळं माझं.
शैलम्मा हसली. मडिवाळप्पा हसले.
माझंही हसू निघालं होतं,
अर्ध्यात आल्यावर ते कुठं ठेवावं कळेना.

वाटलं, उठावं, सांगावं.
उठले नाही. पन्नास कॉलरी राहिल्या होत्या.
सातव्या खोलीची कडी लागलेली ऐकली.

पावणेतीनला जाग आली, सवयीनं.
अंधारात तिच्या दारापाशी गेले
आणि थाप मारायला उचललेला हात तसाच राहिला.
आवाज गोड काढावा तर खोटा वाटणार,
नेहमीचा काढावा तर
तो मला आता ऐकवत नव्हता.
आत बांगड्या वाजल्या. जागी होती.
दाराला पाठ लावून बसलेली असणार.
तिकडं नळ सू सू करायला लागला.

म्हटलं, मल्लव्वा, नीर बंतु.
पहिलं तांबडं येतं, ते भरू नको.

यवढ्यात दार उघडलं.
हातात घागर, डोळे लाल.
विचारते कशी, तांबडं का येतं?

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.
मला माहीत नव्हतं नीट.
जुनी पाइपलाइन, गंज, चार दिवस कोरडा नळ,
काय काय जुळवून सांगत राहिले,
मधेच कानडी, मधेच हात,
आणि सांगेपर्यंत
माझा नंबर गेला.